अक्कांची तालीम

मे महिन्यात लातूरच्या रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतं. अशा उन्हात लोकरीचा स्वेटर आणि वरून शाल अशा थाटात हॉस्पिटलचा जिना उतरणारी बाई दिसली, की नवी माणसं हळूच बाजूला सरकायची. त्यांना वाटायचं, बाईंना हिवताप भरलाय. एकदा एका नव्या सिस्टरनं तर त्यांना दंडाला धरून बाकावर बसवलं आणि थर्मामीटर आणायला धावली. बाईंनी मुकाट्यानं ताप मोजून घेतला. पारा बघितला, थर्मामीटर परत दिला आणि म्हणाल्या, "नाही ना? मग मी आता चहा पिऊन येते." सिस्टर बघतच राहिली. आम्ही मागं उभे राहून हसत होतो.

या आमच्या महानंदाअक्का. महानंदा बिरादार. सगळ्या हॉस्पिटलची संगणकयंत्रणा त्यांच्या हाताखाली होती आणि ती यंत्रं ज्या खोलीत होती, तिथं बारा महिने हिवाळा असायचा. म्हणून तो स्वेटर. मूळच्या उदगीरच्या. इंजिनिअर होऊन बरीच वर्षं हैदराबादला एका मोठ्या कंपनीत होत्या, मग लातूरला आल्या. उदगीरकडच्या असल्यामुळं बोलण्यात मधूनच कानडी यायचं. वाद लांबला की तळहात उभा धरून म्हणायच्या, "साकु!" म्हणजे पुरे. हा एकच कानडी शब्द अख्ख्या हॉस्पिटलला येत होता. मोठ्या डॉक्टरांनासुद्धा. मोठे डॉक्टर म्हणजे आमचे संचालक. हॉस्पिटल त्यांनी उभं केलेलं, शहरात त्यांचा दरारा होता. तेही त्यांना अक्काच म्हणायचे.

मी नांदेडचा. लातूरला या हॉस्पिटलात नोकरीला लागलो, ते सॉफ्टवेअर तपासायच्या कामावर. पेशंटची नोंद, औषधं, रिपोर्ट, सगळं ज्या सॉफ्टवेअरवर चालायचं त्यात काही बदल करायचा झाला, की तो आधी करून बघायला एक वेगळी जागा लागते. खऱ्या हॉस्पिटलची हुबेहूब नक्कल असलेली, जिथं काही बिघडलं तरी कुणाच्या केसाला धक्का लागणार नाही अशी. सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीची माणसं तिचं लांबलचक इंग्रजी नाव घ्यायची. अक्का म्हणायच्या 'तालीम'.

"नाटक करायचंय तर तालीम नको का?" मला पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं होतं. "आणि तालमीला वेगळेच नट आणून कसं चालेल? जे उद्या रंगमंचावर उभे राहणार, तेच पाहिजेत."

आणि तिथंच आमचं घोडं अडलेलं होतं. तालमीत खऱ्या हॉस्पिटलची ताजी माहिती भरायची म्हणजे सगळं उचलून तिकडं उतरवून घ्यायचं. त्याला दिवस-दिवस लागायचे. तेवढा वेळ खरं सॉफ्टवेअर बैलगाडीसारखं चालायचं, खिडकीपुढच्या रांगा पार दारापर्यंत जायच्या आणि लोक आमच्या नावानं बोटं मोडायचे. म्हणून ते काम क्वचितच व्हायचं. परिणाम असा, की तालमीतलं हॉस्पिटल नेहमी शिळं. मी गेलो तेव्हा तिथं अजून दोन वर्षांपूर्वीची दिवाळी चालू होती.

अक्कांना याचा फार राग यायचा. एकदा पडद्यावर एका बाईची नोंद उघडून मला म्हणाल्या, "हे बघ प्रशांत. आपल्या तालमीत हिचं लेकरू अजून पोटातच आहे. तिकडं ते लेकरू परवा लस टोचून घेऊन गेलं. चालत आलं होतं, मी बघितलं जिन्यात." डेटा हा शब्द मी त्यांच्या तोंडून फारसा ऐकला नाही. नक्कल पूर्ण झाली की विचारायच्या, "माणसं सगळी आली का?"

मग हॉस्पिटलनं माहिती साठवायचं नवं यंत्र घेतलं. दोन माणसं लावून वर चढवलेलं, कपाटाएवढं. त्याच्यात क्षणचित्र घ्यायची सोय होती, ज्याला स्नॅपशॉट म्हणतात. यंत्राच्या कंपनीकडून पुण्याचा निखिल नावाचा इंजिनिअर आला होता, हुशार आणि मनमिळाऊ. तो म्हणाला, "मॅडम, पहिला स्नॅपशॉट रविवारी घेऊ. शांतता असते."

"सोमवारी घेऊ. अकरा वाजता," अक्का म्हणाल्या.

सोमवारी अकराला आमच्या ओपीडीत पाय ठेवायला जागा नसते. औसा, निलंगा, अहमदपूर, चाकूर, सगळीकडच्या गाड्या तोवर पोचलेल्या असतात. निखिल गोंधळला. अक्का त्याला समजावत होत्या, "रविवारी हॉस्पिटल झोपलेलं असतं रे. झोपलेल्याचा फोटो काढून त्याला चालता येतं का नाही, हे कसं कळायचं? सोमवारी अर्धी कामं अर्धवट असतात. कुणाची नोंद झालेली असते, तपासणी राहिलेली असते. रक्त घेतलेलं असतं, रिपोर्ट यायचा असतो. सॉफ्टवेअर पडतं ते असल्या अर्धवटातच पडतं. मला ते अर्धवट जसंच्या तसं पाहिजे."

मोठ्या डॉक्टरांच्या कानावर हे गेलं तसे ते स्वतः वर आले. "अक्का, भर गर्दीत तुम्ही अख्ख्या हॉस्पिटलची नक्कल करणार? आणि खाली रांग थांबणार नाही?"

"नाही थांबणार, साहेब. मी काही उचलून नेतच नाही. सगळं जिथल्या तिथं राहतं. मी यंत्राला एवढंच सांगते, की या क्षणी जे आहे त्याला हात लावायचा नाही. यापुढं कुणी काही बदललं तर ते नव्या जागी लिहायचं, जुन्यावर गिरवायचं नाही. म्हणजे जुनं तसंच राहिलं. ते मी तालमीला दाखवते."

"म्हणजे भूल न देता ऑपरेशन?"

"भूल कशाला? क्षणभर श्वास रोखायचा. तुमच्या एक्स-रेच्या खोलीत सांगतात की."

मग त्यांनी शाल सावरली, चष्मा वर केला आणि पडद्याकडं बघून, जसं एखाद्या पेशंटला सांगावं तसं हळू म्हणाल्या, "श्वास धरा." आणि कळ दाबली.

मी शपथेवर सांगतो, आम्ही सगळ्यांनी श्वास धरला. मी, निखिल, मोठे डॉक्टर, दाराशी चहा घेऊन उभे असलेले शिपाई सखारामकाका.

"सोडा," अक्का म्हणाल्या.

मी खिडकीतून खाली बघितलं. रांग तशीच सरकत होती. नोंदणीच्या खिडकीवरच्या मुलीनं मानसुद्धा वर केली नव्हती. आणि इकडं तालमीच्या पडद्यावर तीच सोमवारची सकाळ उभी होती, तिच्यातल्या सगळ्या अर्ध्यामुर्ध्या कामांसकट. जिला दिवस-दिवस लागायचे ती गोष्ट एका श्वासात झाली होती. जाताना मोठ्या डॉक्टरांनी दारात थांबून अक्कांना नमस्कार केला. चेष्टेत नाही, खराखुरा.

त्यानंतर तालीम वरचेवर ताजी व्हायला लागली. आणि त्यातूनच तो मेसेजचा प्रकार घडला.

नक्कल हुबेहूब असली की तिच्या सवयीही हुबेहूब असतात. खरं हॉस्पिटल पेशंटला मोबाइलवर मेसेज पाठवायचं, की उद्या तुमची तपासणी आहे, या. तालमीतली नक्कल जागी झाली की तीही पाठवू शकते, खऱ्या माणसांना. म्हणून नक्कल जागी करायच्या आधी अक्का तिचा बाहेर जाणारा रस्ता बंद करायच्या. हे त्या कधी विसरल्या नाहीत. त्या दिवशीही विसरल्या नव्हत्या. पण मेसेज पाठवायची दुसरी एक वाट सॉफ्टवेअरवाल्यांनी त्याच आठवड्यात काढून ठेवली होती आणि ती कुणी अक्कांच्या कानावर घातली नव्हती. जुना रस्ता बंद होता, नव्या वाटेनं मेसेज सुटले. तालमीत आम्ही चाचणीसाठी मागच्या-पुढच्या तारखा फिरवत होतो. त्यामुळं ज्यांना बोलवायचं कारण नव्हतं, अशांनाही बोलावणी गेली.

मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांना बोलावून घेतलं. सॉफ्टवेअर कंपनीचा माणूस घाम पुसत होता. अक्कांनी नुसतं बोट दाखवलं असतं तरी पुरलं असतं. त्या म्हणाल्या, "तालीम माझी आहे. तिच्यातून काय बाहेर जातं ते मला माहीत पाहिजे. चूक माझी." कंपनीच्या माणसानं मान वर करून त्यांच्याकडं बघितलं, ती नजर मला अजून आठवते.

आम्ही सगळे फोनला बसलो. ज्यांना मेसेज गेले त्यांना एकेकाला सांगितलं, की चुकून आला, येऊ नका. लोक समजूतदार असतात. एक जण मात्र फोन लागायच्या आधीच येऊन गेला होता. शिरूर अनंतपाळचे ज्ञानोबा नावाचे शिंपी. सुमनबाईंची फाईल पिशवीत घालून सकाळच्या एसटीनं आले होते. सुमनबाई त्यांच्या पत्नी. त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं. खिडकीवरच्या मुलीनं "कॉम्प्युटरची चूक आहे, जावा घरी" म्हणून सांगितलं आणि ते गेले.

अक्कांना हे कळलं तेव्हा त्या भाकरी खात होत्या. डबा तसाच झाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं एसटीत होतो. ज्ञानोबांचं दुकान घराच्याच पुढच्या खोलीत होतं. एक मशीन चालू होतं, शेजारचं दुसरं कापड टाकून झाकलेलं. आम्ही कोण ते सांगितल्यावर त्यांनी खुर्ची पुसून दिली. अक्का खुर्चीवर बसल्या नाहीत. सतरंजीवर त्यांच्या समोर बसल्या.

"तुम्हाला उगंच हेलपाटा झाला. त्याहून वाईट म्हणजे, तुमच्या मनाला लागलं असेल. ते माझ्या हातून झालं. मी माफी मागायला आलेय."

ज्ञानोबा सुई-दोरा हातात घेऊन बसले होते. सुई कापडात खोचून म्हणाले, "मला काय येड लागलं न्हाई, अक्का. ती गेली हे मला ठाऊक हाय. मीच आणली की घरी गाडीतून. पण मेसेज आला ना, तवा वाटलं, कुठंतरी कुणी तिची वाट बघून राहिलंय. डाक्टर बसलाय, नाव पुकारून राहिलाय. मग कुणीच गेलं न्हाई तर बरं दिसत न्हाई. म्हून गेलो."

मी बाहेर रस्त्याकडं बघायला लागलो. अक्का बघत नव्हत्या. त्या ज्ञानोबांकडंच बघत होत्या.

"तुमच्या मशिनीत ती हाय का अजून?" ज्ञानोबांनी विचारलं.

"आहे," अक्का म्हणाल्या. "खऱ्या मशीनमध्ये आहे. नाव, गाव, काय दुखत होतं, काय औषधं दिली, सगळं. ते कुणी पुसणार नाही. पण आम्ही त्याची एक नक्कल करतो, शिकायला, तपासायला. मेसेज त्या नकलेतून आला. त्या नकलेत यापुढं त्या नसतील."

"नकलेत कशाला पायजे ती?" ज्ञानोबा म्हणाले. मग, "पयल्यांदा आणली तवा वजन केलं व्हतं. ते बी आसंल का?"

"आहे. बावन्न." अक्कांना ते तोंडपाठ होतं. निघायच्या आधी त्यांनी ती सगळी फाईल वाचली असावी.

ज्ञानोबा हसले. अगदी मनापासून. "मला तिनं पन्नासच सांगितलं व्हतं की हो."

त्यांच्या सुनेनं चहा आणला. अक्का बिनसाखरेचा पिणाऱ्या, त्यांनी तो गोडमिट्ट चहा पूर्ण प्याला. परत येताना शिरूरच्या स्टँडवर मला म्हणाल्या, "आपण त्यांना नकलेत ठेवून त्यांच्यावर प्रयोग करत होतो रे. त्यांना न विचारता." एवढंच.

त्या आठवड्यापासून तालमीत एकही खरं नाव दिसायचं नाही, असं ठरलं. नक्कल घ्यायची, जागी करायच्या आधी तिचे सगळे रस्ते तोडायचे, नावं, पत्ते, फोन बदलायचे आणि मगच ती आमच्या हातात द्यायची. नावं बदलायचा एक तयार प्रकार सॉफ्टवेअर कंपनीकडं होता, तो वापरून बघितला. अक्कांनी बदललेली यादी पडद्यावर वरखाली केली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"ह्याच्यात एक नाव दुसऱ्यासारखं नाही."

"चांगलंच आहे की, मॅडम," कंपनीचा माणूस म्हणाला. "प्रत्येकाला वेगळं नाव मिळालं."

"असं गाव कुठं असतं का हो? आपल्याकडं एका गावात तीन बालाजी असतात आणि तिघांचे बाप माधव. खऱ्या हॉस्पिटलात तेच येतात. नाव खोटं चालेल मला. सारखेपणा खरा पाहिजे."

हे वाक्य तेव्हा मला नीट कळलं नव्हतं. त्यांनी मग स्वतः बसून दुसरी रीत लिहिली. एका खऱ्या नावाला नेहमी एकच खोटं नाव. खरे दोन बालाजी माधव असले, तर तालमीतही दोघांचं नाव एकच. आणि खोटी नावं त्यांनी घेतली ती पिकांची आणि नद्यांची. त्यामुळं आमच्या तालमीत श्री. हरभरा तेरणेकर हर्नियाला भरती असायचे, सौ. करडई मांजरेकर यांना मुलगी व्हायची, आणि कुणी अंबाडीबाई लेंडीकर साखर वाढली म्हणून रडायच्या. शिकायला आलेले डॉक्टर पोट धरून हसायचे. अक्का हसायच्या नाहीत. "हसा," म्हणायच्या, "पण गोळ्या बरोबर लिहा करडईला."

या सारखेपणाची किंमत कळली ती पुढं, नांदेडच्या उद्घाटनाच्या वेळी.

नांदेडला आमच्या हॉस्पिटलची दुसरी इमारत झाली होती. दोन्हीकडं एकच नवं सॉफ्टवेअर चालणार होतं. लातूरचा पेशंट नांदेडला गेला तरी त्याची सगळी माहिती तिथं समोर येणार. समारंभ ठरला, पाहुणे ठरले, पत्रिका गेल्या, मांडववाला सांगून झाला. सॉफ्टवेअर कंपनीनं आपल्याकडं सगळ्या चाचण्या केल्या होत्या, सगळ्या पास. अक्का म्हणाल्या, "सोमवारची ताजी नक्कल घेऊन माझ्या तालमीत एकदा चालवू." कुणाची हरकत नव्हती. सगळ्यांना तो उपचार वाटत होता.

नव्या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय होती. एकाच माणसाची चुकून दोनदा नोंद झाली असेल, तर ते आपणहून ओळखून दोन्ही एकत्र करायचं. फार कौतुक चाललं होतं त्याचं. नव्या सॉफ्टवेअरनं तालीम चालू झाली आणि अक्कांनी नेहमीप्रमाणं विचारलं, "माणसं सगळी आली का?"

मी बघितलं. "कमी आलीत, अक्का."

"दोनदा नोंदवलेली एक झाली असतील," कंपनीचा माणूस म्हणाला. "तेच तर करायचंय."

"कोण एक झालं ते दाखवा."

दिवसभर त्या बसून होत्या. बहुतेक ठिकाणी सॉफ्टवेअरचं बरोबर होतं. मग एका जोडीवर त्या थांबल्या. तालमीतलं नाव ज्वारीबाई मन्याडकर. दोन नोंदी, नाव एक, गाव एक, वय जवळपास एक. सॉफ्टवेअरनं त्यांची एक ज्वारीबाई केली होती. जुनी नोंद गाळून नवी ठेवली होती. गाळलेल्या नोंदीत लाल अक्षरात लिहिलेलं होतं, की हिला पेनिसिलीन चालत नाही. ठेवलेल्या नोंदीत ते नव्हतं.

कंपनीच्या चाचणीत प्रत्येकाला वेगळं नाव दिलेलं. तिथं दोन ज्वारीबाया कधी भेटल्याच नसत्या. 'सारखेपणा खरा पाहिजे' हे अक्कांचं जुनं वाक्य मला त्या क्षणी कळलं.

मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत अक्कांनी सांगितलं, "नवं सॉफ्टवेअर आत्ता चालू करता येणार नाही."

"अक्का, पत्रिका वाटून झाल्यात. पाहुणे येताहेत."

"पाहुण्यांना येऊ द्या. फीत कापा, पेढे वाटा. आत जुनं सॉफ्टवेअर चालेल."

"लाजिरवाणं होईल ते! आणि असं कितीजणांचं होणार? हजारात एखादं." डॉक्टरांचा आवाज चढला होता. "ती एकच बाई नसेल कशावरून? दोनदा नोंदवली असेल."

कंपनीचा माणूस काही बोलायला लागला. अक्कांचा तळहात उभा झाला. "साकु." मग डॉक्टरांकडं वळून त्या शांतपणे म्हणाल्या, "हजारात एखादं म्हणजे कोण, ते मी तुम्हाला दाखवते, साहेब. तालमीतली ज्वारीबाई खरी कोण आहे, ते मी खऱ्या नोंदीत बघून आलेय. ती आत्ता दुसऱ्या मजल्यावर ॲडमिट आहे. चला."

डॉक्टर उठले. रागातच उठले, पण उठले. आम्ही मागून जिना चढलो.

बायकांच्या वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेवर एक बाई मोसंबी सोलत बसली होती. अहमदपूरकडची. तिचं खरं नाव सांगत नाही, सुनीता म्हणू. मोठ्या डॉक्टरांना समोर बघून ती गडबडली, पदर सारखा केला.

अक्का खाटेच्या कडेला बसल्या. "सुनीताबाई, तुमच्या गावात तुमच्या नावाची अजून कुणी आहे का?"

"हाव की. माझ्या घराच्या मागल्या गल्लीत. नाव बी तेच, मालकाचं नाव बी तेच, आडनाव बी तेच. मला मोठी सुनीता म्हंत्यात, तिला धाकटी. लई घोळ असतो, अक्का. तिचं रेशन मला, माझं तिला."

"तुम्हाला कुठली सुई सोसत नाही का?"

"मला न्हाई बा तसलं काही. तिला हाय. धाकटीला. मागं सुई दिली तर अंगभर चट्टे, दम लागला, पार मराया टेकली व्हती. मीच तर बसले व्हते हितं तिच्यापाशी." मग तिनं आमच्या तोंडांकडं बघितलं. "काऊन? तिला काय झालं का?"

"काही नाही झालं," मोठे डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज एकदम खाली आला होता. "काही होणार पण नाही. मोसंबी खा तुम्ही."

जिना उतरताना ते मधल्या वळणावर थांबले. कठड्याला हात टेकून उभे राहिले. अक्का दोन पायऱ्या मागं थांबल्या.

नांदेडचं उद्घाटन थाटात झालं. गोदावरीकडून वारा सुटला होता, मांडव फडफडत होता, भाषणं झाली. आत जुनंच सॉफ्टवेअर चालू होतं आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. कंपनीनं नंतर ती चूक दुरुस्त केली. नवं सॉफ्टवेअर अक्कांच्या तालमीत पुन्हा पुन्हा चाललं आणि मगच खरं झालं. तेव्हापासून कसलीही तारीख ठरवायची झाली, की मोठे डॉक्टर आधी विचारायचे, "अक्कांची तालीम झाली का?"

मी पुढं नांदेडच्या इमारतीत बदलून आलो. अक्का निवृत्त होऊन उदगीरला परत गेल्या. फोन व्हायचे, पण थोडेच. फोनवर त्या फार बोलत नसत.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. सोमवार होता. मी पहिल्या मजल्याच्या गॅलरीत उभा होतो, खाली नोंदणीची रांग होती. देगलूर, बिलोली, कंधार, सगळीकडून आलेली माणसं. रांगेत अक्का होत्या. जावेला दाखवायला आल्या होत्या, हे मागाहून कळलं. मला कळवलं नव्हतं, ओळख सांगितली नव्हती, टोकन घेऊन उभ्या होत्या. खिडकीवरची मुलगी नवी होती, तिला त्या कोण ते माहीत असायचं कारण नव्हतं.

त्यांच्या पुढं एक म्हातारी होती, देगलूरकडची. काठी टेकत खिडकीशी गेली.

"नाव सांगा आजी," मुलगी म्हणाली.

"लच्छव्वा."

मुलीनं भराभर लिहिलं. अक्का म्हातारीच्या खांद्यावरून पडद्याकडं बघत होत्या. मग पुढं वाकून म्हणाल्या, "बाळ, तू लक्ष्मीबाई लिहिलंस. त्या लच्छव्वा म्हणाल्या."

"तेच ते, काकू. एकच की."

"असेल एकच. पण आत डॉक्टर पुकारतील लक्ष्मीबाई म्हणून, आणि ह्या उठायच्या नाहीत. बसून राहतील दिवसभर."

मुलीनं क्षणभर त्यांच्याकडं बघितलं. मी वरून खाली यायला निघालो होतो, थांबलो. मुलीनं नाव खोडलं, पुन्हा लिहिलं, कागद छापून बाहेर दिला. म्हातारीनं तो उलटा धरला. अक्कांनी सुलटा करून हातात दिला आणि मोठ्यानं, गर्दीत ऐकू जाईल असं, वाचून दाखवलं. नाव, नवऱ्याचं नाव, गाव.

"बरोबर आहे का, आजी?"

म्हातारीनं काठी काखेत धरली, कागद दोन्ही हातांनी घेतला आणि मान डोलावली.

"हाव," ती म्हणाली. "म्याच ती."